अर्ज क्रमांक ४१७ : पुढच्या छपरात दोन खिडक्या

स्टॅमफर्डमध्ये छपरं दगडाची.
कॉलीवेस्टनच्या खाणीतले ओंडके (दगडाचेच, पण म्हणतात ओंडके)
हिवाळ्यात उघड्यावर मांडायचे, पाणी मारत राहायचं,
आणि थंडीला सांगायचं, फोड.
थंडी पापुद्रे काढून द्यायची.
हे मी आता झोपेतही सांगेन;
या गावाचं जुनेपण जपायचा मला पगार मिळतो.

मी स्वरूपा खांबेटे, मूळची चिपळूणची,
इथे अकरा वर्षं,
सहाशे वर्षांच्या रस्त्याला काय शोभतं ते ठरवते.
यातला विनोद मला कळतो.
हरकत घेणाऱ्यांनाही कळत असणार.
सभ्य माणसं, लिहीत नाहीत इतकंच.

हरकती एकूण चौदा.
छपराची रेघ मोडेल.
आज दोन, उद्या वीस.
आमच्या न्हाणीघरात दिसेल.
आणि एक, निळ्या शाईत, कापऱ्या अक्षरात :
मी जन्मापासून समोर राहतो.
ते छप्पर मला तसंच हवंय. कारण नाही.
कारण नसलेली हरकत धरता येत नाही.
मी ती दोनदा वाचली.

अर्जदार मॉरीन स्यूएल, वय अडुसष्ट.
शाळेची बस चालवायची, गुडघे गेले तशी सोडली.
माळ्याचा जिना असा, की उतरताना
भिंतीकडे तोंड करूनच उतरावं.
वर, वाशांखाली, लेकीची दोन मुलं.
लेक कुठे असते, हा रकाना अर्जात नाही,
म्हणून मीही विचारलं नाही.

एक बल्ब. दोन गाद्या. खिळ्याला गणवेश.
थोरली तेराची, तिने मान वर केली नाही.
धाकटा रूबेन म्हणाला,
"उजाडलंय का ते बघायला मला खाली जावं लागतं."
मी वहीत लिहिलं : नैसर्गिक प्रकाश, अपुरा.

आमच्याकडे अशा वेळी कुणीतरी शिडी लावतं,
एक कौल काढून काचेचं बसवतं
आणि चहा निवायच्या आत खाली येतं.
विचारायचं असतं कुणाला, हेच ठाऊक नसतं.
पण तिथे आता पत्रे आहेत, निळे, आळीभर.
तिथलं जुनेपण जपायला
पगारावर कुणी नव्हतं.

निघताना टॉर्च सहज फिरवला.
सातातले दोन वासे मध्येच तोडलेले,
आडवं लाकूड घालून पुन्हा सांधलेले. लाकूड नवं,
म्हणजे दोनशे वर्षांपलीकडचं नसेल.
इथे खिडकी होती.
कुणी कापली, कुणी बुजवली :
उजेडावर कर होता म्हणून,
पाऊस आत यायचा म्हणून,
किंवा समोरच्या कुणाला छप्पर तसंच हवं होतं म्हणून.
सांध्याशी सुताराची खूण, तीन रेघा.
मधलीत माझं नख नेमकं बसलं.

अहवालात लिहिलं :
दोन, नामंजूर. जुन्या जागी एक, चालेल.
बाजूंना शिसं, वर त्याच खाणीचा दगड,
चौकट लाकडी, रंग पांढुरका.
मॉरीनचा फोन आला.
"एक? आणि मी ती कुणाच्या उशाशी देऊ?"
त्यावर नियमात काही नाही.
मी तिला तसं सांगितलं. तिने फोन ठेवला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी त्या रस्त्याने गेले,
मुद्दाम नव्हे,
बरं, मुद्दामच.
परांची उतरवलेली. शिसं अजून चकचकीत,
नव्या भांड्यासारखं ओशाळं.
थोरलीची गादी कुठे लागली
ते रस्त्यावरून दिसत नाही.

समोरच्या दारात एक म्हातारा, खुर्ची टाकून, मान वर.
निळी शाई मी बोटांवरूनच ओळखली.
त्याने मला ओळखलं नाही.
"तो पोरगा रोज हात करतो," म्हणाला,
"सात चाळीसला.
मी काही करत नाही."